घरी पहिली सुरी करतोय: कमान पाटा चालेल का, आणि पाणी कसं द्यायचं?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरात वापरायची एक सुरी स्वतः करायची आहे, पहिलीच. पातं साधारण ५ इंच, मूठ ४ इंच. हाताशी ४ इंची हँड ग्राइंडर, हॅक्सॉ, हँड ड्रिल, बाकाला लावायचा छोटा व्हाइस आणि तीन कानशी आहेत: १२ इंची रफ, १० इंची मध्यम आणि एक अर्धगोल. भट्टी नाही, बेल्ट ग्राइंडर नाही. घरात ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे.

भंगारातून जीपचा कमान पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) आणलाय, ८ मिमी जाड. आपल्याकडे उसाचे कोयते पाट्याचेच करतात, मग सुरीलाही तोच घ्यावा असा विचार आहे. ओळखीच्या फौंड्रीतून लोखंडाचे तुकडेही मिळतील. यातलं काय घेऊ? पात्याला पाणी देणं, म्हणजे ते लाल तापवून बुडवून कडक करणं, गॅसच्या शेगडीवर जमेल का, आणि बुडवायचं पाण्यात की तेलात? पात्याला उतार देताना दोन्ही बाजू सारख्या कशा ठेवतात?

उद्यमनगर_फिटर

आधी फौंड्रीचा विषय संपवतो. कोल्हापुरातल्या फौंड्रीत बहुतेक ओतकाम बिडाचं होतं. बिडात कार्बन ३ टक्क्यांच्या वर असतो. ते ओतायला उत्तम, पण पातळ पातं केलं तर हातातून पडल्यावरही मोडेल. ते नको. हार्डवेअरच्या दुकानातली साधी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) पट्टीही नको. तिच्यात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो, त्यामुळे कितीही तापवून बुडवली तरी ती कडक होत नाही.

आता पाटा. कोयत्याला पाटा योग्य आहे, त्याचं कारण वेगळं. कोयता दिवसभर घाव घालतो, उसाच्या बुडाशी माती-दगडाला लागतो. तिथे धार थोडी लवकर बसली तरी चालते, पातं तुटून चालत नाही. पाट्याचं पोलाद, बहुधा ईएन-४५ नाहीतर त्याच जातीचं, चिवटपणासाठीच बनवलेलं असतं. कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. सुरीचं काम उलटं: घाव नाही, पण धार पातळ हवी आणि टिकायला हवी.

तरी पाट्याची सुरी होते आणि चांगली होते. तुमची खरी अडचण जाडीची आहे. ८ मिमीचा २.५ मिमी करायचा म्हणजे दोन तृतीयांश लोखंड घासून काढायचं, तेही हँड ग्राइंडरने, सपाट. त्यात पाट्याला बाक असतो, तो तापवून ठोकल्याशिवाय सरळ होत नाही. आणि जुन्या पाट्यात लाखो हेलकाव्यांनी आलेल्या केसासारख्या चिरा असू शकतात. त्या पाणी देताना उघडतात.

म्हणून पहिल्या सुरीसाठी सी-७५ ची (०.७५ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाची) पट्टी घ्या, २.५ मिमी जाड, ४० मिमी रुंद, ३०० मिमी लांब. उद्यमनगरात किंवा शिरोलीला अलॉय स्टील विकणाऱ्यांकडे ‘स्प्रिंग स्टीलची पट्टी, अनहार्डन्ड’ असं विचारा. ‘अनहार्डन्ड’ हा शब्द विसरू नका, नाहीतर आधीच पाणी दिलेली पट्टी मिळेल आणि तुमच्या कानशी एका दिवसात जातील. पोलाद कोणतं आहे हे माहीत असलं की किती तापवायचं हेही माहीत असतं. अनोळखी भंगारात तेच कळत नाही.

भाता_ऐरण

फिटर दादांचं बरोबर हाय, पण पाटा टाकून द्यू नकोस भावा. सरावाला त्याच्यासारखं काय न्हाई. आन् जीपच्या संचात खालचं पाटं जाड असत्यात, जुन्या मोटारीचं काही पाटं ५-६ मिमीचंबी मिळत्यात.

चीर बघायची सोपी रीत: पाटा तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत कर, त्याच्यावर रॉकेल नाहीतर डिझेल लाव, दहा मिनटं थांब, कोरड्या फडक्यानं पुसून घे आन् वरनं खडू घास. चीर असली तर आतलं तेल खडूत वर येतंय, काळी रेघ दिसती. रेघ दिसली तर तो तुकडा बाद. पाट्याच्या मधल्या बोल्टाच्या भोकापाशी चिरा जास्त असत्यात, ती चार इंच जागा सोडूनच तुकडा काप.

मऊ करायचं तर चुंबक धरायचं बंद हुईपर्यंत लाल कर आन् कोरड्या राखंत रातभर पुरून ठेव. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख चाळून घेतली तर एकदम बेस. राख वल्ली असली तर मात्र पाटा तिथंच कडक हुतो.

अनोळखी लोखंड ग्राइंडरला लावून ठिणगी बघ. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, सरळ, फाटे कमी. कार्बनवाल्याची आखूड, आन् टोकाला फुलबाजीगत फुटती. गडद लाल, कमी ठिणग्या आल्या तर ते हायस्पीडचं लोखंड, पॉवर हॅक्सॉच्या पात्यासारखं. त्याला १२०० अंशाच्या आसपास तापवावं लागतंय, घरी हुणार न्हाई.

कानस_करवत

आकाराबद्दल आणि कानशीबद्दल लिहिते.

पुठ्ठ्यावर सुरी खऱ्या मापात काढा, कापा आणि हातात धरून कांदा चिरल्यासारखी हालचाल करून बघा. बोटांची पेरं ओट्याला लागत असतील तर पातं अरुंद आहे. ५ इंची पात्याला ३२ ते ३५ मिमी रुंदी बरी पडते. पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे काटकोनी खाच ठेवू नका, अर्धगोल कानशीने गोलाई द्या. पाणी देताना ताण तीक्ष्ण कोपऱ्यात साठतो आणि चीर तिथूनच सुटते.

आकार पट्टीवर मार्करने काढून १ मिमीच्या कटिंग डिस्कने रेषेपासून २ मिमी बाहेरून कापा. कापताना कडा निळी पडते, आणि बाजूचं थंड लोखंड उष्णता ओढून घेतं म्हणून काही ठिकाणी ती कडक होते. तिथे कानस घसरते. ते २ मिमी फ्लॅप डिस्कने (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) काढून मगच कानस लावा. कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका, ती फुटून उडते. गार्ड काढून काम करू नका, चष्मा आणि मास्क दोन्ही हवेत.

मुठीतली भोकं आत्ताच पाडा, नंतर ड्रिल जाणार नाही. ५ मिमीच्या पितळी सळईसाठी ५ मिमीची दोन भोकं पुरेत. पट्टी क्लॅम्पने बांधूनच भोक पाडा. ड्रिल अडकलं तर सुटी पट्टी पंख्यासारखी फिरते आणि हात कापते.

आता दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचं. धारेच्या कडेला मार्करचा रंग लावा. पट्टीच्या जाडीइतकंच, म्हणजे २.५ मिमीचं ड्रिल बिट आणि पट्टी एका सपाट फरशीवर आडवी ठेवा आणि बिटचं टोक कडेवरून ओढा. टोक बरोबर मध्यावर असतं, त्यामुळे मध्यरेषा पडते. पट्टी उलटून पुन्हा ओढा. दोन रेषा पडल्या तर त्यांच्या मधला भाग मध्य समजा. या रेषेच्या पलीकडे कोणत्याही बाजूने जायचं नाही.

पट्टी लाकडी फळीला दोन स्क्रूने बसवा (मुठीची भोकं त्यालाही कामी येतात) आणि फळी व्हाइसमध्ये धरा. आधी धारेजवळ ४५ अंशांत कड मोडा, मग कानस हळूहळू आडवी करत उतार पाठीपर्यंत न्या. स्वयंपाकाच्या सुरीला उतार पाठीपर्यंतच हवा, अर्ध्यावर थांबला तर बटाटा चिरताना ती पाचरीसारखी अडते. एका बाजूला वीस फटके, मग पट्टी उलटून वीस. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर मध्यरेषा हमखास सरकते.

कानस पुढे जातानाच कापते. मागे येताना उचला, नाहीतर दात बोथट होतात. दातांत खडू घासून घेतला की कीस अडकत नाही. अडकलेला कीस पितळी ब्रशने काढा, कारण एक कण राहिला तरी पात्यावर खोल ओरखडा उठतो. आणि कानशीला मूठ नसेल तर बसवून घ्या, तिचं शेपूट तळहातात घुसतं.

धार या टप्प्यावर काढायची नाही. कड ०.७ ते ०.८ मिमी जाड ठेवा. त्याहून पातळ कड भट्टीत जळते किंवा तेलात लाटेसारखी वाकते. शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासा. धारेला आडवे खोल ओरखडे राहिले तर तीही चिरेची सुरुवात.

कळंबा_रोड

खूप आभार सगळ्यांचे. सी-७५ ची पट्टी मिळाली, २.५ मिमी. पाट्याचा तुकडा सरावाला ठेवतो. आता पाणी देण्याबद्दल सविस्तर सांगाल का? गॅसच्या शेगडीचं राहिलंच.

उद्यमनगर_फिटर

शेगडीवर होणार नाही. घरच्या बर्नरवर पात्याचं टोक लाल होईल, पण पाच इंच पातं एकसारखं ८०० अंशांवर जाणार नाही. अर्धं कडक, अर्धं मऊ असं पातं मिळेल.

दोन रस्ते आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची कामं करणारे आहेत. त्यांना पोलादाचा ग्रेड, जाडी आणि हवा असलेला कडकपणा सांगा: ‘सी-७५, २.५ मिमी, ५८ ते ५९ रॉकवेल सी, टेम्परिंगसह’. (रॉकवेल सी हे कडकपणाचं माप; टेम्परिंग म्हणजे कडक केलेलं पातं पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं.) एका नगासाठी बहुतेक जण भट्टी पेटवत नाहीत. त्याच ग्रेडच्या दुसऱ्या मालाबरोबर टाकाल का, असं विचारा. पातं तारेने टांगायला मुठीचं भोक उपयोगी पडतं.

स्वतः करायचं तर भात्याची भट्टी. ते भाता_ऐरण जास्त चांगलं सांगतील.

भाता_ऐरण

सांगतो. सावकाश वाच, घाई करू नकोस.

भट्टी: सहा फायर ब्रिका मातीवर मांडून पातं मावंल एवढा चर कर. तळाला १ इंची काळा एमएस पाइप, त्याला अर्ध्या इंचावर ६ मिमीची भोकं, दुसऱ्या टोकाला जुना हेअर ड्रायर. जीआय पाइप घिऊ नकोस, त्याच्यावरचं जस्त जळून धूर हुतो, तो इषारी हाय. जळण लोणारी (लाकडाचा) कोळसा, सुपारीएवढं तुकडं करून, ३-४ किलो. सगळं उघड्यावर. पत्र्याच्या बंद शेडात कोळशाचा वायू साठतो, वास येत न्हाई आन् माणूस जातो.

तेल: सोयाबीन नाहीतर सूर्यफूल, ४ लिटर, उभ्या पत्र्याच्या डब्यात. डबा पात्यापेक्षा तीन इंच तरी खोल, आन् घट्ट झाकण हाताशी. तेल ५५-६० अंशाला गरम कर, एक लोखंडाचा तुकडा तापवून त्यात बुडवला की हुतं. थंड तेल घट्ट असतंय, पात्याची उष्णता लवकर ओढत न्हाई. इंजिनाचं जळकं तेल नको, त्याचा धूर वाईट. साध्या पाण्यात पातळ पातं घातलंस तर ‘टिक्’ असा आवाज यील आन् चीर पडंल. ‘पाणी देणं’ म्हणतो आपण, पर ह्या लोखंडाला तेलच द्यायचं. तेल पेटलं तर झाकण घाल, वाळू टाक. पाणी वतायचं न्हाई, भडका उडतो.

आधी तीनदा नॉर्मल कर. चुंबक सोडंपर्यंत तापव, भायेर काढून वाऱ्यापासनं लांब धर, काळं हुईस्तवर थांब. असं तीनदा. कापताना, घासताना आत बसलेला ताण जातो आन् दाणा बारीक हुतो. हे वगळलं तर पातं तेलात वाकायची शक्यता लई.

आता खरं पाणी. काम सांजच्याला कर, उन्हात रंग कळत न्हाई. पातं पाठ खाली, धार वर असं ठेव, कारण धार पातळ, ती पहिली जळती. सारखं पुढं-मागं करत राहा. तारंला बांधलेलं चुंबक जवळ न्हे. साधारण ७७० अंशाला चुंबक धरायचं बंद करतंय. तिथं थांबायचं न्हाई. सी-७५ ला त्याच्यावर अजून थोडं, ८००-८२० पर्यंत. रंग सुक्या मिरचीवरनं पळसाच्या फुलाकडं जायला लागतो. खात्री पाहिजे तर सरावाच्या तुकड्यावर जेवणातल्या मिठाची चिमूट टाक. मीठ ८०१ अंशाला वितळतं. वितळलं त्या वक्ताचा रंग डोळ्यात साठवून ठेव. (पाट्याचं ईएन-४५ असलं तर ८५०-८८० लागतं, म्हणून त्याला अजून उजळ.)

एकसारखा रंग आला की एका दमात तेलात, टोक खाली, सरळ उभं. तेलात पुढं-मागं चाकूनं कापल्यागत हलवायचं, आडवं न्हाई. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड हुती आन् पातं धनुष्य हुतं. आठ-दहा सेकंद मोज, मग काढून बघ.

पहिल्यांदा सुरी घालूच नकोस. त्याच पट्टीचा दोन इंचाचा तुकडा घाल. थंड झाला की व्हाइसमधी धर, वरनं जाड फडकं टाक आन् हातोड्यानं मोड. आतला दाणा राखाडी, मखमलीसारखा दिसला तर उष्णता बरोबर. साखरेगत रवाळ, चमचमता दिसला तर जास्त तापवलंस. मोडलाच न्हाई, वाकला, तर कमी तापलं.

कानस_करवत

त्यात एक भर. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतात. ते हाताला कोमट लागेल इतकं थंड झालं की लगेच, त्याच दिवशी टेम्परिंग करा. ‘उद्या करू’ म्हणून ठेवलेलं पातं रात्रीत आपोआप चिरल्याची उदाहरणं आहेत.

पातं साबणाने धुवा, एका बाजूला १५०च्या पेपरने चकचकीत करा. ओटीजीच्या ट्रेमध्ये इंचभर कोरडी वाळू घाला, त्यात पातं पुरा. वाळू नसेल तर कॉइल चालू-बंद होताना पात्याची पातळ कड ट्रेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, २०-३० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आत ठेवा. २०० अंशांवर दोन तास, बाहेर काढून पूर्ण थंड, पुन्हा दोन तास. चकचकीत बाजूला वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा रंग यायला हवा. तपकिरी आला तर २५० च्या पुढे गेलात. जांभळा-निळा आला तर ती स्प्रिंग झाली, सुरी नाही. तेव्हा पाणी पुन्हा द्यावं लागेल.

यानंतर ग्राइंडर वापरलात तर प्रत्येक दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. उघड्या बोटांनी धरा. बोटाला चटका बसला म्हणजे पातं बाजूला ठेवायची वेळ झाली. धारेवर एकदा निळा डाग पडला की तेवढी धार मऊ झाली.

कळंबा_रोड

सरावाचा तुकडा मोडला, दाणा बारीक निघाला. मग सुरीला पाणी दिलं. दोन शंका आहेत. एक, तेलातून काढल्यावर नवी कानस लावली तर ती पात्यावर धरते आहे. म्हणजे कडक झालंच नाही का? दुसरी, पातं मध्यावर साधारण २ मिमी वाकलंय. हातोड्याने सरळ करू का?

भाता_ऐरण

हातोडा लावू नकोस भावा! टेम्परिंगच्या आधी ठोकलंस तर मोडतंय.

कानशीचं आधी. उघड्या भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळतो, दहावा हिस्सा मिलिमीटर. ती कातडी मऊच असती. एकाच जागी चार-पाच फटकं मार. आत गेल्यावर कानस काचेवर घसरल्यागत घसरली तर पातं कडक हाय. चार-पाच फटक्यांनंतरबी कापतच राहिली तर मग पुन्हा नॉर्मल करून पुन्हा पाणी.

वाक काढायला एक जाड सपाट एमएस पट्टी घे, ८-१० मिमीची. पातं तिच्यावर असं ठेव की फुगवटा वर. दोन्ही टोकांखाली एकेक नाणं सरकव आन् मधोमध क्लॅम्प लावून हळूहळू दाब, सरळ होऊन उलट्या बाजूला अंदाजे २ मिमी जाईपर्यंत. तसंच बांधून ओटीजीत २०० ला दोन तास. गरम असतानाच क्लॅम्प सोडू नकोस, पुरं थंड होऊ दे. थोडा वाक राहिला तर दुसऱ्या टेम्परिंगला पुन्हा तेच, नाणं जाड घेऊन. क्लॅम्प पुरा लोखंडाचा पाहिजे, प्लॅस्टिकची टोपी काढून टाक.

उद्यमनगर_फिटर

मुठीचं मी सांगतो, ते झटपट होतं. बाभूळ उत्तम, शिसव मिळालं तर देखणं, सागवान चालतं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये मूठ बसवू नका, दमट लाकूड हिवाळ्यात आक्रसतं आणि पोलाद बाहेर डोकावतं. दोन फळ्या ९ मिमी जाड. पात्याकडची त्यांची पुढची कड चिकटवण्याआधीच घासून पॉलिश करा, नंतर तिथे पेपर पोचत नाही आणि पात्यावर ओरखडे उठतात.

पोलाद ८० नंबरने खरखरीत करा, थिनरने पुसा आणि मग त्या जागेला बोट लावू नका. साधं अरल्डाइट घ्या, पाच मिनिटांचं नको. क्लॅम्प कचकचून आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. २४ तास तसंच ठेवा. वरून जवसाच्या तेलाचे तीन हात द्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगाला आपोआप आग लागते. ती पसरून वाळवा.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलेलं आहे. ५ इंची स्वयंपाकाची सुरी त्यात येत नाही. तरीही दुसऱ्याला द्यायला नेताना कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा.

कानस_करवत

आता राहिली धार. आधी कड ०.३ मिमीपर्यंत पातळ करा, १२०च्या पेपरने, हाताने. मग दुहेरी कार्बोरंडम दगड, पाण्यात भिजवून. कोन एका बाजूने १७ अंशांच्या आसपास. पातं ३२ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ९ मिमी वर राहायला हवी. तेवढ्या जाडीच्या नाण्यांची चवड लावून सुरुवातीला अंदाज घ्या. धारेला मार्करचा रंग लावून चार फटके मारा. रंग फक्त वरच्या बाजूचा गेला तर कोन कमी आहे, फक्त अगदी धारेच्या कडेचा गेला तर जास्त.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या अंगाला पूर्ण लांबीभर बारीक खरखर लागेपर्यंत. तीच बर. ती टोकापासून मुठीपर्यंत लागली नाही तोवर बाजू बदलू नका. नवशिक्यांची धार येत नाही ती बहुतेक याच एका कारणाने. मग दुसरी बाजू तशीच, मग बारीक दगड. शेवटी चामड्यावर पाठीच्या दिशेने ओढा. त्यासाठी कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडून तळव्याच्या चामड्याचा एक कापलेला तुकडा मागून घ्या. ते झाडाच्या सालीने कमावलेलं, टणक असतं. फळीला चिकटवा आणि वर हिरवा पॉलिश साबण घासा. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा.

हे पोलाद गंजतं. चिरून झालं की लगेच धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. चिंच, कोकम, लिंबू यांनी निळे-करडे डाग पडतील, ते गंज नाहीत, घासून काढू नका. नारिंगी डाग दिसला तर तो मात्र त्याच दिवशी काढा.

बर निघाली की नाही हे पिकलेल्या टोमॅटोवर बघा. वजन न देता नुसती ओढल्यावर साल कापली तर झालं. साल दबली आणि मग फुटली, तर पुन्हा बारीक दगडावर जा. ग्राइंडरला हात लावू नका.